रीटा फारिया आणि ‘त्याग’ हा शब्द

१/ १७ नोव्हेंबर १९६६. लंडनच्या लायसियम बॉलरूममध्ये रीटा फारिया ‘मिस वर्ल्ड’ ठरल्या. हा किताब मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. आईवडील मूळचे गोव्याचे. त्या स्वतः मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या विद्यार्थिनी.

२/ त्याच डिसेंबरात विनोदी अभिनेते बॉब होप यांच्या ताफ्यासह त्या व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिकांसमोर गेल्या. भारतात त्यावरून वाद पेटला. मुकुटासोबत शीतयुद्धाचे राजकारणही पदरी आले.

३/ किताबाचे वर्ष सरले आणि त्या वैद्यकाकडे परतल्या. पुढील शिक्षण लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये. १९७३ पासून वास्तव्य डब्लिनला.

४/ या परतण्याला ‘झगमगाटाचा त्याग’ म्हणण्याची प्रथा आहे. ती चुकीची वाटते. वैद्यकाची वाट त्यांनी मुकुटाआधीच धरली होती. किताब हा त्या वाटेवरील एका वर्षाचा मुक्काम.

५/ आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्यानंतर ८० वर्षांनी एका तरुणीने अर्धवट अभ्यास पूर्ण केला, याचे आश्चर्य का वाटावे? कारण स्त्रीचे रूप हीच तिची खरी मिळकत, असे आपण अजूनही गृहीत धरतो. प्रश्नमंजूषेच्या उत्तरात तरी ‘डॉ. रीटा फारिया’ असे लिहिले जावे.