कुकरला जाडा दाणाच हवा

नागपुरात धरमपेठेत आणि लॉ कॉलेज चौकाच्या आसपास भाड्याने राहणाऱ्या मुलामुलींची सकाळ एक तर तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर उजाडते, नाही तर इन्स्टंट ओट्सच्या पाकिटावर. गॅस नसलेल्या खोलीतही विजेचा राइस कुकर असू शकतो, पण तो भातापुरताच, अशी समजूत. माझ्या मते रटरटत शिजणाऱ्या कोणत्याही खिरीपेजेला तो तेवढाच लायक आहे. फक्त दाणा जाडा हवा.

कारण यंत्रातच आहे. तोशिबाने 1955 मध्ये जपानात विकायला काढलेल्या कुकरपासून तत्त्व एकच: पाणी आहे तोवर तापमान 100 अंशांपुढे जात नाही, ते आटले की पारा चढतो आणि खटका पडतो. हल्लीच्या साध्या कुकरात तळाशी चुंबक असतो, 103 अंशांच्या आसपास त्याची पकड सुटते. म्हणजे कुकरला शिजलेले कळत नाही, पाणी संपलेले तेवढे कळते. झटपट ओट्स आधीच वाफवून, चपटे करून पातळ केलेले. त्यांचा काही मिनिटांत लगदा होतो, खटका पडत नाही आणि फेस झाकणातून ओट्यावर येतो. जाडे कापलेले ओट्स मात्र सावकाश पाणी पितात. वाटीला तीन वाट्या पाणी घालून रात्रभर भिजवावे, भांडे एक तृतीयांशाहून जास्त भरू नये, काठाला तूप लावावे. दहाएक मिनिटे उकळले की खटका हातानेच ‘वॉर्म’वर करून अर्धा तास झाकून ठेवावे. दूध शेवटी, आधी घातले तर तळाला लागते आणि खटका कच्चेपणीच पडतो.

खटका हातानेच फिरवायचा तर यंत्र कशाला, असे कुणी विचारेल. रास्त आहे. पण गॅसवर सतत ढवळावे लागते, इथे एकदाच उठावे लागते. आणि प्रेशर कुकरात हाच फेस शिट्टीच्या नळीत अडकण्याची भीती, ती वेगळीच.

जाडा दाणा हाच निकष, तर मग ओट्सच कशाला? महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला आंबील करणाऱ्या विदर्भाला ज्वारी शिकवायला नको. ओट्सची बाजू घेणारे कोलेस्टेरॉलचा दाखला देतील, आणि तो खरा आहे: ओट्समधील बीटा-ग्लुकन हा विद्राव्य तंतू रोज 3 ग्रॅम पोटात गेला तर फायदा होतो, हा दावा पाकिटावर छापायला अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने 1997 मध्ये मुभा दिली. त्यासाठी 60 ते 75 ग्रॅम कोरडे ओट्स लागतात. ज्वारीत हा तंतू नावापुरताच. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलसाठी सांगितले असेल त्याने ओट्सच खावेत; पण निव्वळ पोटभर न्याहारी हवी असलेल्या विद्यार्थ्याला दूरदेशीच्या दाण्याची गरज पटवून देणे कठीण आहे. चक्कीवरून ज्वारीची भरड आणावी, भिजवून वाटीला चार वाट्या पाणी घालावे आणि ओट्सच्या दुप्पट वेळ उकळू द्यावे. वरून ताक, मीठ आणि असलीच तर जिऱ्या-लसणाची फोडणी.