सायकलीचा सांगाडा

दिवाळीच्या आधीं माळ्यावरून वडिलांची सायकल खालीं काढली. जालना निजामाच्या राज्यांत होतें त्या दिवसांत, महायुद्ध चालू असतां, ती मुंबईहून आगगाडीनें आली, असें आई सांगे. पुढच्या सांध्याशीं बारीक चीर दिसली, म्हणून नातवानें ती जवळच्या एका दुकानांत नेऊन विजेच्या वेल्डिंगनें जोडून आणली. चार दिवसांनीं जोड शाबूत राहिला आणि शेजारची नळीच बोटभर अंतरावर दुभंगली. नातवाचें मनगट मोडलें. पोलाद वितळवून सळया ओढणाऱ्या आमच्या जालन्यांत हें घडावें, याचें मला फार वैषम्य वाटलें.

वाचकहो, त्या काळच्या सांगाड्यांत नळीला नळी वितळवून जोडीत नसत. पातळ पोलादी नळ्यांचीं टोंकें पोकळ सांध्यांत बसवावयाचीं, टांकणखार लावावयाचा, सांधा लालबुंद करावयाचा आणि फटींत पितळ सोडावयाचें, अशी ती रीत. पितळ ९०० अंशांच्या आसपास वितळतें, पोलादाला १,५०० च्या जवळपास उष्णता लागते. म्हणून नळी जशीच्या तशी राहते आणि पितळ केशाकर्षणानें आंत ओढलें जातें. टांकणखार लोखंडावरचा ऑक्साइडचा थर विरघळवितो. त्याशिवाय पितळ धरतच नाहीं. (आपल्या रसग्रंथांत ह्याच टंकणाला ‘सौभाग्य’ म्हटलें आहे, सवागी तीच.) विजेची ठिणगी मात्र पातळ नळी वितळविते, आणि जोडालगतचें पोलाद ठिसूळ होऊन बसतें.

त्याच युद्धांत इंग्लंडांतील बी.एस्.ए. कारखान्यानें छत्रीधारी सैनिकांसाठीं मिटणारी सायकल केली; अशा ६०,००० हून अधिक निघाल्या. मधोमध बिजागरी घालावयाची तर एकेरी नळीचा नेहमीचा त्रिकोण मोडतो. म्हणून तिला वरखालीं बांक दिलेल्या दुहेरी नळ्या घातल्या, आणि दोन्ही बिजागऱ्या हातानें फिरणाऱ्या चाकीनें आवळल्या. विमानांतून टाकतांना बैठक व मूठ खालच्या अंगास ठेवीत, म्हणजे चाकें वांचत.

पितळेच्या सांध्याचा आणखी एक गुण मला परवां कळला. सांधा पुन्हां तापविला कीं पितळ सुटतें, आणि मोडकी नळी ओढून नवी बसवितां येते. जुन्या बाजारांतील एका तांबटानें हें काम पत्करलें आहे. वेल्डिंगचा थर कानशीनें काढण्यांतच त्याचे दोन दिवस गेले. नातवाचें प्लास्टर पुढच्या आठवड्यांत निघेल. सायकल त्याच्या हातीं द्यावी कीं नाहीं, यावर घरांत दोन पक्ष आहेत. त्याची आजी माझ्या विरुद्ध आहे.