पाटीवरचं अक्षर : हाताचं की साच्यातलं?

बालदोस्तांनो,

बाजारातून जाताना दुकानांच्या पाट्या वाचता ना? या आठवड्यात त्या नुसत्या वाचायच्या नाहीत, निरखायच्या! काही अक्षरं इतकी झोकदार असतात, की वाटतं, कुणीतरी रंगात ब्रश बुडवून आत्ताच भर्रकन लिहून गेलंय. पण गंमत अशी, की त्यांतली पुष्कळशी ब्रशनं लिहिलेलीच नसतात. तो असतो फॉन्ट, म्हणजे अक्षरांचा तयार संच.

ही युक्ती कॉम्प्युटरच्याही आधीची बरं का! अमेरिकेत १९४२ साली रॉबर्ट स्मिथ यांनी ‘ब्रश स्क्रिप्ट’ हा इंग्रजी अक्षरांचा संच तयार केला. फ्रान्समध्ये १९५३ साली रोजे एक्सकोफाँ यांचा ‘मिस्त्राल’ आला. मिस्त्राल हे तिथल्या दक्षिण भागातल्या गार, जोरदार वाऱ्याचं नाव. अक्षरंही तशीच, वाऱ्यासारखी पळणारी!

तेव्हा छपाईला धातूचे सुटे खिळे लागत. एकेक अक्षर वेगळं, तरी छापल्यावर ते सलग लिहिल्यासारखं दिसायला हवं. मग काय करायचं? प्रत्येक अक्षराची शेपटी अशा जागी संपवायची, की पुढे कुठलंही अक्षर आलं तरी ते तिथेच जुळेल. आपल्या मराठीत हे काम बरंचसं शिरोरेषा करते.

आता चोर कसा पकडायचा? एकच अक्षर पुन्हा पुन्हा आलेली पाटी शोधा. समजा, पाटी आहे ‘काकांची कुल्फी’. तिच्यात ‘क’ तीनदा आलाय. तिन्ही ‘क’ अगदी जुळ्या भावांसारखे असतील, तर तो फॉन्ट. एकाचं पोट जरा मोठं, दुसऱ्याची शेपटी लांब असेल, तर बहुधा हाताचं काम. ‘बहुधा’ का म्हटलं? कारण काही नवे फॉन्ट हुशार असतात. त्यांच्यात एकाच अक्षराची दोन-तीन रूपं असतात आणि कॉम्प्युटर ती आलटून पालटून वापरतो. तेव्हा जवळ जाऊन रंगाचा थर आणि ब्रशच्या केसांच्या रेघाही बघा.

अशी अक्षरं मथळ्याला, पाटीला शोभतात. अख्खा धडा त्यांत छापला तर? बारीक आकारात जाड रेघा एकमेकींत मिसळतील आणि डोळे दुखतील. मिरची फोडणीलाच बरी, तिची भाजी करू नये!

फॉन्ट वाईट नाही हं. मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हातानं रंगवलेल्या पाट्या पाहूनच ‘यात्रा वन’ हा फॉन्ट सुचला. म्हणजे मूळ कला हाताचीच! पण पाट्या छापूनच येऊ लागल्या, तशी रंगवणाऱ्या पेंटरकाकांची कामं कमी झाली. हे हातच थांबले, तर नवे फॉन्ट कुणाकडे पाहून करायचे?

म्हणून या रविवारचा गृहपाठ : दहा पाट्या बघा. वहीत दोन रकाने करा, ‘हात’ आणि ‘साचा’. मग ब्रशनं स्वतःचं नाव दहा वेळा लिहा. दहाही वेळा ते थोडं वेगळं येईल. ते खोडू नका. तेच तर तुमचं अक्षर!

तुमचे,
गुरुजी