धीर धरणे म्हणजे नुसते थांबणे नव्हे

शाळेत आल्यापासून 'धीर धर' हे शब्द मी किती वेळा ऐकले, याची मोजदाद नाही. मेसच्या रांगेत, रविवारी घरी फोन लावायची पाळी येईपर्यंत, परेड मैदानावर 'विश्राम' मिळेपर्यंत आणि परीक्षेचा निकाल लागेपर्यंत ते कानावर पडत आले. त्यामुळे धीर म्हणजे गप्प उभे राहून वेळ जाऊ देणे, असेच मला बरीच वर्षे वाटत होते. आता बारावीत आल्यावर हे मत बदलले आहे. ते बदलायला माझीच एक चूक कारणीभूत झाली.

गेल्या वर्षी आमच्या हाउसमध्ये सहावीतला एक मराठी मुलगा आला. घरापासून इतक्या लांब तो पहिल्यांदाच राहत होता. सकाळी फॉलिनची शिट्टी वाजली की त्याची धांदल उडे. बुटाच्या नाड्या बांधताना बोटे अडखळत आणि तो उशिरा पोहोचला की हाउसचे गुण कापले जात. दोन दिवस मी त्याला नाडी बांधायला शिकवले. तिसऱ्या दिवशी माझाच दम संपला. मी खाली बसलो आणि अर्ध्या मिनिटात त्याच्या नाड्या बांधून टाकल्या. मग तो रोजचाच परिपाठ झाला. तो वेळेवर पोहोचू लागला, गुण वाचले आणि आपण किती समजूतदार सीनियर आहोत, असे मला वाटू लागले.

पुढे मी दहा दिवसांच्या एनसीसी कॅम्पला गेलो. परत आलो तेव्हा कळले, की तो रोज उशिरा पोहोचला आणि रोज शिक्षा भोगली. मी त्याला विचारले, तर खाली मान घालून म्हणाला, "दादा, तुम्ही नव्हता ना."

हे मी आमच्या उस्तादांना सांगितले. ते म्हणाले, "रेंजवर ट्रिगर सावकाश दाबतोस. झटका दिला तर गोळी भरकटते, हे तुला कळते. मग या पोराच्या बाबतीत घाई का केलीस?"

उत्तर माझ्याजवळ नव्हते. मी रागावलो नव्हतो, ओरडलो नव्हतो, पण मला धीरही नव्हता. त्याला चुकायला आणि चुकत चुकत शिकायला जो वेळ लागणार होता, तो मी त्याला दिलाच नाही. 'शिजेपर्यंत दम धरवतो, पण निवेपर्यंत धरवत नाही' अशी आपल्याकडे म्हण आहे. माझे तसेच झाले.

म्हणून माझे मत असे, की धीराची खरी परीक्षा थांबण्यात नाही. थांबलेल्या वेळात आपण काय करतो, यात ती आहे. १९७१ च्या एप्रिलमध्ये पूर्व पाकिस्तानात सैन्य घुसवण्याचा विषय निघाला, तेव्हा आपण वेळ मागून घेतला, असे जनरल माणेकशॉ यांनी पुढे अनेकदा सांगितले. पावसाळ्यात तिथल्या नद्या दुथडी भरून वाहतात. हिमालयातल्या खिंडी मात्र हिवाळ्यात बर्फाने बंद होतात आणि उत्तरेकडची चिंता कमी होते. मधले महिने लष्कर स्वस्थ बसले नव्हते. तुकड्या हलवल्या गेल्या, रसद जमवली गेली, मुक्तिवाहिनीला प्रशिक्षण दिले गेले. युद्ध ३ डिसेंबरला सुरू झाले आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीवर सही झाली. सुमारे ९३ हजार युद्धकैदी हाती आले. तेरा दिवसांच्या त्या विजयामागे सात महिन्यांची तयारी होती.

आपल्या रोजच्या जगण्यात एवढे मोठे काही नसते. पण रीत तीच. गणित सुटेना म्हणून पाच मिनिटांत मित्राची वही मागणारा कॅडेट, दुसऱ्यांदा शंका विचारल्यावर कपाळाला आठ्या घालणारा शिक्षक आणि सुट्टीत आलेल्या मुलाची बॅग स्वतःच भरून देणारी आई, यांच्यात मला थोडा थोडा मीच दिसतो. प्रेम असते, हेतू चांगला असतो. कमी पडतो तो धीर.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. कोणी मारत असेल, छळत असेल किंवा आजार अंगावर काढायला लावत असेल, तर तिथे 'धीर धर' हा सल्ला चुकीचा आहे. ते सोसण्यात काही शिकणे नाही. अशा वेळी त्याच दिवशी हाउसमास्तरांना सांगावे. सीनियरांनी ज्युनिअरला गप्प बसवण्यासाठी हा शब्द वापरू नये.

कॅम्पहून आल्यावर मी आणि तो मुलगा शिट्टीच्या पंधरा मिनिटे आधी उठू लागलो. मी हात पाठीमागे बांधून समोर बसत असे, कारण हात मोकळे ठेवले की ते आपोआप त्याच्या नाडीकडे जात. पहिल्या आठवड्यात दोनदा उशीर झाला, हाउसचे गुणही गेले. तिसऱ्या आठवड्यापासून मला उठावे लागले नाही.

यंदा सहावीत नवी मुले आली आहेत. परवा सकाळी तो त्यांच्यातल्या एकासमोर बसलेला दिसला. त्याचे हात पाठीमागे होते.