कोड नेमका कुठून चालतो?

जेएसपीत बदल केला, सेव्ह केलं, पान रिफ्रेश केलं, तरी पडद्यावर जुनंच. नवा डेव्हलपर मग टॉमकॅटचं वेबॲप्स फोल्डर उघडतो, तर तिथे त्याच्या ॲप्लिकेशनचा मागमूस नाही. ते असतं एक्लिप्सच्या वर्कस्पेसच्या मेटाडेटात, प्लगइन्सच्या पोटात, डब्ल्यूटीपीवेबॲप्स नावाच्या फोल्डरात. मूळ टॉमकॅटला धक्का लागू नये म्हणून एक्लिप्स ही सोय करतं. हेतू चांगलाच, पण आपला कोड कुठे राहतो हेच ठाऊक नसणं महागात पडतं. अपलोड केलेले फोटो ॲप्लिकेशनच्याच फोल्डरात साठत असतील, तर एका ‘क्लीन’मध्ये ते नाहीसे होऊ शकतात.

ही जागा बदलता येते. सर्व्हर्सच्या यादीत टॉमकॅटवर डबल क्लिक केलं की ‘सर्व्हर लोकेशन्स’ दिसतं. पर्याय करडे, न बदलणारे दिसले तर घाबरू नका. आधी सर्व्हरवरून सगळे प्रोजेक्ट काढा, क्लीन करा, मग ते खुले होतात. बरेच जण इथे ‘टॉमकॅट इन्स्टॉलेशन’ निवडतात. माझा त्याला ठाम विरोध आहे. त्या पर्यायात एक्लिप्स इन्स्टॉलेशनचा ताबाच घेतं आणि हाताने जपलेल्या सर्व्हर डॉट एक्सएमएलवर स्वतःची प्रत चढवतं. तिसरा पर्याय, ‘कस्टम लोकेशन’, घ्या आणि प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं फोल्डर द्या.

टॉमकॅटची रचनाच याला अनुकूल आहे. कॅटालिना होममध्ये प्रोग्राम आणि सामायिक लायब्ररी. कॅटालिना बेसमध्ये कॉन्फ, लॉग्ज, वर्क, वेबॲप्स. होम एक, बेस हवे तितके. पोर्ट मात्र प्रत्येकाचे वेगळे ठेवायला हवेत.

एक्लिप्सशिवाय काम करणाऱ्यांनी कॉन्फमधल्या कॅटालिना, त्याखालच्या लोकलहोस्ट फोल्डरात छोटी एक्सएमएल फाइल ठेवावी. तिच्यातला डॉकबेस बिल्डच्या फोल्डरकडे वळवायचा. फाइलचं नाव हाच ॲप्लिकेशनचा पत्ता होतो. डॉकबेस वेबॲप्सच्या आत मात्र कधीच नको: या फाइलमध्ये टॉमकॅट तो धरतच नाही, आणि हीच नोंद सर्व्हर डॉट एक्सएमएलमध्ये असेल तर तेच ॲप्लिकेशन दोनदा चढू शकतं. ठरावीक वेळेला जाणारे ईमेल दोनदा जायला लागले की लोक कोडमध्ये दोष शोधत बसतात, आणि दोष असतो या एका ओळीत.

टीमप्रमुखांना विनंती: फोल्डरची ही मांडणी प्रोजेक्टच्या रीडमीमध्ये लिहून ठेवा आणि नव्या माणसाला पहिल्याच दिवशी दाखवा.