कायदा बदलला, सरकारी वकील कधी शिकणार?

ॲट्रॉसिटीच्या खटल्यातून आरोपी निर्दोष सुटले की गावात एकच वाक्य फिरते : "केस खोटीच होती." चावडीवर तेच बोलले जाते, आणि कायदा रद्द करा म्हणणारे पुढाऱ्याच्या भाषणातही तेच वापरतात. एक प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. हा खटला कोर्टात चालवला कोणी? फिर्यादी शेतमजूर, वीटभट्टीवरचा कामगार किंवा ऊसतोड करणारी बाई. तिने आपला वकील निवडलेला नसतो. तिच्या वतीने उभा राहतो तो सरकारी वकील. त्या वकिलाला हा कायदा आज कसा आहे हे माहीत होते का?

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. सरकारी वकिलांचे कायदेशिक्षण नेमणुकीच्या दिवशी संपता कामा नये. ते सक्तीचे, दरवर्षीचे आणि फेरनेमणुकीशी जोडलेले असले पाहिजे. ही प्रशासनातली किरकोळ सुधारणा नाही. दलित-आदिवासींना न्याय मिळणार की नाही, याचा हा प्रश्न आहे.

१९८९ चा कायदा आता १९८९ चा राहिलेला नाही. २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली आणि कायद्याचा कणाच बदलला. पूर्वी कलम ३(२)(५) खाली गुन्हा सिद्ध करायचा तर पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची किंवा जमातीची आहे 'या कारणावरून' गुन्हा घडला, हे दाखवावे लागे. आता आरोपीला ती जात 'माहीत असताना' गुन्हा घडला, एवढे पुरते. आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला व्यक्तिशः ओळखत असेल, तर त्याला जात माहीत होती असे कोर्टाने गृहीत धरायचे आहे, हे कलम ८ मध्ये आले. एकाच गावात राहणाऱ्या माणसांच्या बाबतीत ही केवढी मोठी तरतूद आहे! पण सरकारी वकिलाने ती कोर्टापुढे मांडलीच नाही, ओळखीचा पुरावा साक्षीत आणलाच नाही, तर ती पुस्तकातच राहते.

हे न झाल्यास काय होते, ते सर्वोच्च न्यायालयाच्या २७ एप्रिल २०२१ च्या पाटण जमाल वली निकालात दिसते. आंध्र प्रदेशातली, जन्मापासून अंध असलेली, अनुसूचित जातीची तरुणी. तिच्यावरील बलात्काराची शिक्षा कायम राहिली, पण ॲट्रॉसिटीखालची शिक्षा रद्द झाली. कारण काय? गुन्हा २०११ चा, म्हणजे जुन्या कायद्याखालचा, आणि जातीच्या कारणाबद्दल सरकार पक्षाने स्वतंत्र पुरावाच आणला नव्हता. जात, लिंग आणि अपंगत्व यांचा अत्याचार एकमेकांत कसा गुंतलेला असतो, हे न्यायालयाने याच निकालात सविस्तर सांगितले, आणि सरकारी वकिलांनाही याचे प्रशिक्षण मिळाले पाहिजे असे म्हटले. म्हणजे ही मागणी आमची एकट्याची नाही.

आता जामिनाकडे पाहा. कलम १५-अ नुसार जामिनासह प्रत्येक कामकाजाची वेळेवर सूचना मिळणे हा पीडिताचा हक्क आहे, आणि ती देण्याची जबाबदारी विशेष सरकारी वकिलावर किंवा राज्य सरकारवर आहे. जामिनाच्या वेळी आपले म्हणणे मांडण्याचाही पीडिताला हक्क आहे. हरिराम भांभी प्रकरणात २९ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे बंधनकारक असल्याचे सांगितले. तरीही आम्ही कार्यकर्ते कोर्टांच्या आवारात काय पाहतो? आरोपी गावात परत आलेला दिसतो, तेव्हा फिर्यादीला कळते की त्याला जामीन झाला. मग दबाव सुरू होतो. किराणा बंद, मजुरी बंद, पाण्याच्या वाटेवर अडवणूक. साक्षीदार फितूर होतो तो कोर्टाच्या पिंजऱ्यात नाही, त्याच्या कितीतरी आधी, गावातच.

खर्ड्याचे उदाहरण महाराष्ट्र विसरलेला नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये एका दलित शाळकरी मुलाचा खून झाला, अनेक साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये अहमदनगरच्या न्यायालयातून आरोपी सुटले. साक्षीदाराला संरक्षण, प्रवासखर्च, गरज पडल्यास दुसरीकडे राहण्याची सोय, हे सारे कलम १५-अ मध्ये आहे. पण ते मागायचे कोणी, कोणत्या टप्प्यावर, कोणत्या अर्जाने? हे ज्याला कोणी शिकवलेच नाही, तो मागणार कसा?

१ जुलै २०२४ पासून तर सगळीच पुस्तके बदलली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३(३) तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांना प्राथमिक चौकशीची मुभा देते. ॲट्रॉसिटीच्या कलम ३(१) मधल्या गुन्ह्यांची कमाल शिक्षा पाच वर्षांची आहे. म्हणजे कोणी ठाणेदार सहज म्हणेल, "आधी चौकशी करू, मग बघू." पण ॲट्रॉसिटीच्या कलम १८-अ नुसार गुन्हा नोंदवण्यासाठी प्राथमिक चौकशीची गरजच नाही. विशेष कायदा सामान्य कायद्याच्या वर असतो, हे ठाणेदाराला ठणकावून सांगण्याची जागा सरकारी वकिलाची आहे. तसेच जातिवाचक शिवीगाळ आता व्हॉट्सॲपवर, फेसबुकवर होते. त्या पुराव्याला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते, त्याचा एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. ते नसेल तर मोबाईलमधली स्पष्ट क्लिपसुद्धा निरुपयोगी ठरू शकते.

काही मित्र म्हणतात, हा सगळा फौजदारीचा विषय आहे, दिवाणी कायद्याचा इथे काय संबंध? संबंध जमिनीचा आहे. आमच्यावरचे किती अत्याचार बांधावरून, गायरानावरून, वतनाच्या जमिनीवरून होतात! १९५८ च्या कायद्याने महार वतन खालसा झाले आणि परत मिळालेल्या जमिनी जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतरित करता येत नाहीत. जमिनीवरून बेदखल करणे, जमिनीच्या किंवा पाण्याच्या हक्कात अडथळा आणणे, हे कलम ३(१) खाली गुन्हे आहेत. पण २०२० च्या हितेश वर्मा निकालापासून बचाव पक्ष उठतो आणि म्हणतो, "हा जमिनीचा वाद आहे, जातीचा नाही." ज्याला सातबारा, फेरफार, वतनाची नोंद आणि ताब्याचा कायदा कळत नाही, तो सरकारी वकील याला उत्तर काय देणार? आपल्याकडे जिल्हा सरकारी वकील दिवाणी आणि फौजदारी अशी दोन्ही कामे पाहतो. मग त्याचे शिक्षण एकाच बाजूचे कसे चालेल?

बाबासाहेबांनी हे आपल्याला करून दाखवले आहे. महाडच्या चवदार तळ्याचा लढा आपण सत्याग्रह म्हणून आठवतो. पण १९२७ च्या डिसेंबरमध्ये सवर्णांनी दिवाणी दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता, हे आपण विसरतो. तो दावा हायकोर्टापर्यंत चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल आपल्या बाजूने लागला. प्रश्न होता, अस्पृश्यांना मज्जाव करणारी रूढी 'अनादिकाळापासूनची' आहे हे वादींनी पुराव्याने सिद्ध केले का? ते त्यांना करता आले नाही. सुमारे दहा वर्षे बाबासाहेबांनी त्या दाव्याचा पिच्छा सोडला नाही. पाण्याचा हक्क रस्त्यावर मागितला आणि पुराव्याच्या कायद्याने कोर्टात राखला.

अज्ञानी खटल्याची किंमत एका फिर्यादीपुरती राहत नाही, हेही लक्षात घ्या. २० मार्च २०१८ च्या सुभाष महाजन निकालात ॲट्रॉसिटी कायद्याच्या 'गैरवापरा'ची चर्चा झाली, त्यात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे आधाराला घेतले गेले. पडलेले खटले आमच्याच कायद्याविरुद्ध साक्षीदार म्हणून उभे केले गेले! त्याविरुद्ध २ एप्रिलचा भारत बंद झाला, त्यात आपल्या माणसांचे जीव गेले. संसदेला कलम १८-अ आणावे लागले. १ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते निर्देश मागे घेतले आणि सदोष तपासामुळेही खटले पडतात, हे मान्य केले. एवढा रक्ताचा हिशोब झाल्यावर तरी खटला चालवणाऱ्याच्या शिक्षणाची हेळसांड थांबायला नको का?

"सात वर्षांची वकिली झालेलाच नेमतो ना," असे उत्तर मिळते. सात वर्षांचा अनुभव कशाचा? जुन्या कायद्याचा अनुभव नव्या कायद्याचे ज्ञान देत नाही. महाराष्ट्रात डॉक्टरला नोंदणी नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट तास मिळवावे लागतात. न्यायाधीशांसाठी उत्तनला अकादमी आहे, पोलिसांसाठी नाशिकला. मग पीडिताचा सगळा खटला ज्याच्या हातात, त्यालाच सवलत कशासाठी? कामाचा ताण आहे, मानधन कमी आहे, ही तक्रार खरी आहे. ती सोडवलीच पाहिजे. पण तिच्या आडून शिक्षण टाळता येणार नाही. आणि शिकलेला सरकारी वकील म्हणजे कसेही करून शिक्षा घडवणारा वकील नव्हे. पुरावा कच्चा असेल तर तो तपास अधिकाऱ्याला वेळीच सांगेल. यात निरपराध माणसाचेही हित आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ७ जानेवारी २०१४ रोजी किशनभाई निकालात प्रत्येक राज्याला सांगितले आहे : निर्दोष सुटकेच्या प्रत्येक निकालाची समितीने छाननी करावी, चुका नोंदवाव्यात आणि त्या चुकाच प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम कराव्यात, तो दरवर्षी अद्ययावत करावा. यापेक्षा चांगला अभ्यासक्रम कोण बनवणार? म्हणून आमच्या मागण्या :

१. प्रत्येक विशेष सरकारी वकिलाला दरवर्षी ठरावीक तासांचे प्रशिक्षण सक्तीचे करा. ते पूर्ण न करणाऱ्याची फेरनेमणूक करू नका.

२. जिल्ह्यातले पडलेले ॲट्रॉसिटी खटले हाच अभ्यासक्रम करा. जमीन, वतन आणि वनहक्काचा दिवाणी भाग त्यात घ्या.

३. शिकवायला फक्त अधिकारी नकोत. हे खटले लढवणारे वकील, पीडितांसोबत काम करणाऱ्या कार्यकर्त्या आणि स्वतः फिर्यादी यांनाही बोलवा.

४. १९९५ च्या नियमांतील नियम ४ नुसार सरकारी वकिलांच्या कामाचा जानेवारी आणि जुलैमध्ये जो आढावा घ्यायचा आहे, त्यात प्रशिक्षणाची नोंद धरा आणि तो आढावा जाहीर करा.

वाचकांनो, सरकार आपणहून काही करणार नाही. आपल्या जिल्ह्यात किशनभाई निकालाची समिती बसते का, जानेवारी-जुलैचा आढावा झाला का, सरकारी वकिलांचे शेवटचे प्रशिक्षण कधी झाले, हे तीन प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारा. जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीच्या बैठकीत ते मांडा. फिर्यादीची इच्छा असल्यास जिल्हाधिकारी नामवंत ज्येष्ठ वकील नेमू शकतात, ही नियम ४ मधली तरतूद प्रत्येक पीडित कुटुंबाला सांगा.

'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश आपण आपल्या लेकरांना रोज सांगतो. आता तो सरकारच्या वकिलांनाही सांगण्याची वेळ आली आहे.

जय भीम!