कमरेला किती शिसे बांधावे?

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात. पाचशे किलोमीटरांच्या आत कोठेही समुद्र नाही. त्यामुळे एका दिवाळीच्या सुटीत मी आणि आमच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक कोकणात गेलो, तेव्हा समुद्र नुसता वरून न पाहता आतूनही पाहायचा, असे ठरले. पाठीवर हवेचे नळकांडे लावून पाण्याखाली उतरतात, त्याला स्कूबा डायव्हिंग म्हणतात. होडीवरच्या मार्गदर्शकाने आम्हां दोघांना एकच प्रश्न विचारला, “वजन किती?” योगायोगाने दोघांचेही ७० किलो होते. त्याने मनातल्या मनात दहावा भाग काढला आणि दोघांच्याही कमरेला सात-सात किलो शिशाचे पट्टे बांधले.

मी उंच आणि किडकिडीत, तर प्राध्यापक बुटके आणि चांगले गुबगुबीत. पाण्यात शिरताच मी दगडासारखा तळाकडे निघालो. मार्गदर्शकाने दंड धरला म्हणून सावरलो. प्राध्यापक मात्र कितीही पाय झाडले तरी वरच!

मला राग आला तो त्या मार्गदर्शकाचा नव्हे, स्वतःचा. अठरा वर्षे मी आर्किमिडीजचे तत्त्व शिकवतो आहे. पण पट्टा बांधून घेताना, ‘अहो, नुसते वजन विचारून कसे चालेल? आकारमानाचे काय?’ असे विचारायला मला सुचले नाही. सुचले नाही, कारण ते तत्त्व माझ्या फळ्यावर होते, अंगात नव्हते.

मित्रांनो, आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकताना पाठीला वाळका भोपळा किंवा झाकण घट्ट बसवलेला रिकामा डबा बांधतात. भोपळा वजनात फारशी भर घालत नाही, पण आकारमान वाढवतो. त्यामुळे अधिक पाणी बाजूला सारले जाते आणि तेवढ्या पाण्याच्या वजनाइतके जादा प्लावक बल आपल्याला वर ढकलते. शिशाचा पट्टा म्हणजे याच्या नेमके उलट: वजन पुष्कळ, आकारमान थोडे. शिशाची घनता पाण्याच्या ११.३ पट असते. तरीही शिसे स्वतः थोडे पाणी सारतेच. म्हणून १ किलो शिसे समुद्रात आपल्याला खाली ओढते ते सुमारे ९१० ग्रॅमइतकेच. मोती काढणारे पाणबुडे पूर्वी दगड धरून तळाशी जात, तेव्हा हेच गणित ते हाताने सोडवत होते.

तेव्हा प्रश्न ‘माणूस किती वजनाचा?’ हा नाही. त्याने सारलेल्या पाण्याचे वजन त्याच्या एकूण वजनापेक्षा किती जास्त आहे, हा आहे. चरबीची घनता पाण्याहून कमी, सुमारे ०.९, स्नायू आणि हाडे पाण्याहून जड. म्हणून ७० किलोच्या दोन माणसांची आकारमाने सारखी नसतात. त्यात अंगावर स्पंजासारख्या रबराचा पोशाख असला, तर त्यातील हवेचे बुडबुडे वेगळेच वर ओढतात.

पाणी बदलले की उत्तरही बदलते. समजा, आपल्या बेंबळा धरणाच्या गोड्या पाण्यात एक पाणबुड्या सर्व सामानासह ८६ किलो भरतो आणि तरंगतही नाही, बुडतही नाही. म्हणजे तो ८६ लिटर पाणी सारतो. समुद्राच्या पाण्याची घनता सुमारे १.०२५. तेवढ्याच समुद्राच्या पाण्याचे वजन ८८.१५ किलो होईल. आता २.१५ किलोंची तूट आली. ती भरायला, शिसेही थोडे पाणी सारते हे धरून, २.३६ किलो शिसे वाढवावे लागेल. यात माणसाच्या वजनाचा दहावा भाग कोठेच आला नाही!

सर्वांत गमतीचा भाग पुढेच आहे. हवेला वजन असते, हे आपण पाठ करतो आणि विसरतो. १२ लिटरच्या नळकांड्यात २०० बार दाबाने हवा भरली, तर ती बाहेरच्या दाबाला सुमारे २,४०० लिटर होते. दर लिटरला १.२ ग्रॅम धरले तर वजन जवळजवळ २.९ किलो! त्यातील १,८०० लिटर हवा वापरून झाली की पाणबुड्या दोन किलोंहून अधिक हलका होतो. वर येण्यापूर्वी त्याला पाच मीटर खोलीवर सुमारे तीन मिनिटे थांबायचे असते. सुरुवातीला बेताचेच शिसे घेतलेला माणूस नेमका इथेच थांबू शकत नाही, बुचासारखा वर येतो. म्हणून शिसे ठरवायचे ते बुडी संपतानाच्या स्थितीसाठी.

मग भरपूर बांधावे का? तेही नाही. समजा, ४ किलो शिसे जादा झाले. ते तोलायला अंगावरच्या जाकिटात सुमारे साडेतीन लिटर हवा भरावी लागते. १० मीटरवर दाब वातावरणाच्या दुप्पट असतो, ५ मीटरवर दीडपट. तेवढे वर येताच ती हवा फुगून पावणेपाच लिटरांच्या आसपास जाते आणि माणसाला आणखी सव्वा किलोच्या बलाने वर ढकलते. वर येताना श्वास रोखला, तर फुप्फुसातली हवाही अशीच फुगते आणि फुप्फुस फाटू शकते.

जाणकार लोक दहाव्या भागावर विसंबत नाहीत, मोजतात. जाकीट रिकामे करायचे, नेहमीसारखा श्वास घेऊन पृष्ठभागावर स्थिर उभे राहायचे. पाणी डोळ्यांच्या पातळीला यावे आणि श्वास सोडताच माणूस सावकाश खाली जावा. नळकांडे भरलेले असेल तर पुढे खर्च होणाऱ्या हवेसाठी सुमारे दोन किलो वाढवायचे. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने या विद्येचे रीतसर शिक्षण देणारी संस्था काढली आहे. (माझी फजिती तिथली नव्हे.)

शिक्षकबंधूंना माझे सांगणे असे, की ‘एका वस्तूचे हवेतील वजन अमुक, पाण्यातील तमुक’ या गणिताने काही कळत नाही. मी तर ते वर्षानुवर्षे सोडवून घेतले. त्याऐवजी वर्गात एक बादली आणा. अर्ध्या लिटरची आणि एक लिटरची, अशा दोन बाटल्यांत वाळू भरून दोन्हींचे वजन बरोबर ५०० ग्रॅम करा आणि झाकणे घट्ट लावा. आता मुलांना आधी अंदाज लिहायला सांगा: बुडवायला कोणत्या बाटलीत किती वाळू वाढवावी लागेल? हे माझे आणि रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांचेच चित्र आहे. लहान बाटलीला वीस-तीस ग्रॅम वाळू पुरेल. मोठीला अर्ध्या किलोहून अधिक लागेल. मग दहा लिटर पाण्यात ३५० ग्रॅम मीठ विरघळवा. बुडलेली लहान बाटली पुन्हा वर येईल. तिला बुडवायला आत सुमारे १३ ग्रॅम वाढवावे लागतील. तेच लोखंडी खिळे बाहेरून बांधले, तर मात्र सुमारे १५. हे दोन ग्रॅम कोठे गेले, ते मुलांनी सांगावे; तुम्ही सांगू नका.

हा प्रयोग बादलीतच करायचा. विहिरीत किंवा तलावात अंगाला वजन बांधून पाहण्याचा विचारही कोणी करू नये. आपल्याकडे दर उन्हाळ्यात पोहायला गेलेली मुले बुडतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा समुद्रात उतरलो. या वेळी आधी मार्गदर्शकाला पाण्यात आमची परीक्षा घ्यायला लावली. मला चार किलो पुरले. प्राध्यापकांना नऊ लागले, आणि ते ऐकून त्यांनी त्या संध्याकाळी भात घेतला नाही.